वरती डिझेल, खाली पाणी

इस्माईलचाचा,

तुम्ही गेल्याचं मला कळलं तेव्हा मी गाडीचं बोनेट उघडून फिल्टरचं भांडं उतरवत होते. हात कोपरापर्यंत डिझेलनं भरलेले. तुमच्या गल्लीतला रिक्षावाला रस्त्यावरूनच ओरडला, "भाभी, मिस्त्री गेले!" मला वाटलं कल्याणला सामान आणायला गेले असतील. मी मान वर न करताच विचारलं, "कधी येणार?" तेव्हा तो रिक्षा बंद करून खाली उतरला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो उतरला म्हणून कळलं.

तरी मी काम अर्धं टाकलं नाही. उघडं भांडं धूळ खात ठेवून कुणी उठलं की तुम्ही कसे बघायचात ते मला माहीत आहे. नवा फिल्टर बसवला, आत अडकलेली एअर काढली, गाडी चालू करून पाच मिनिटं ऐकली. मग साबण घेऊन मोरीत बसले, आणि हात धुता धुता रडले.

त्याला आज चार दिवस झाले. नाक्यावर सगळे तुमचं नाव काढतायत. कुणी म्हणतं हाताला गुण होता, कुणी म्हणतं असा नेक माणूस आता मिळणार नाही. माझ्यासाठी तुम्ही काय केलंत ते मात्र कुणालाच ठाऊक नाही, कारण तुम्ही ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. म्हणून मी लिहायला बसलेय. दहावी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, चाचा, समजून घ्या.

माझे हे गेले तेव्हा मागे एक ट्रक राहिला. मला चालवता येत नव्हता, विकायची हिंमत नव्हती. तिसऱ्याच आठवड्यापासून आमच्या कोन गावातला प्रत्येक माणूस मला एकच गोष्ट सांगत होता की बाईमाणसाच्या हाताखाली ड्रायव्हर टिकत नाही, तो गाडी विकून खातो. सगळ्यात जास्त सांगायचे माझे मोठे दीर. "दशरथ काय करतो तुला ठाव हाय का? डिझेल पंपावर भरतो का पंपामागं विकतो, कोन बघायला गेलाय?"

दशरथ टेमघरचा. ह्यांच्या वेळेपासून आमच्या गाडीवर होता. लूमवरचं कोरं कापड भरायचं आणि गोदामाला पोचवायचं, हेच त्याचं आयुष्य. ह्यांना कावीळ झाली तेव्हा हॉस्पिटलात रात्रपाळीला तोच बसायचा. हे मला ठाऊक असूनही मी दिरांचं ऐकलं. मागच्या पडवीत डिझेलचा ड्रम आणून ठेवला आणि ठरवलं की गाडीत डिझेल मी स्वतः घालणार, मोजून. दशरथ पंपावर जाणारच नाही.

तो एकदाच बोलला. "वहिनी, ड्रम नको. डिझेल पंपावरूनच भरूया."

मी मनात म्हटलं, झालं, चोर सापडला.

त्याच पावसाळ्यात गाडी बंद पडायला लागली. चढाला दम सोडायची, झटके खायची, मधेच श्वास कोंडल्यासारखी थांबायची. तुम्ही फिल्टर बदललात की पंधरा दिवस नीट चालायची, परत तेच. तिसऱ्या वेळी तुम्ही फिल्टरच्या कागदाच्या घड्या पेपरवर उलगडून बघत बसला होता. चिकट, काळा चिखल होता त्यात. तुम्ही विचारलंत, "बाय, डिझेल कुठलं भरतेस?"

दीर बाजूला उभे होते. घरात ड्रम ठेवल्याचं कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी म्हटलं, "पंपावरचं."

तुम्ही मान हलवलीत आणि पुढे काही विचारलं नाहीत. तुमच्या डोळ्यांत बघून मी खोटं बोलले होते, चाचा. त्याच्यापायी एक माणूस हातचा गेला.

दिरांनी तर्क लावला की दशरथ वाटेत चांगलं डिझेल काढून घेतो आणि रॉकेल, पाणी, काय मिळेल ते ओततो. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर, जिथं सगळे ड्रायव्हर भाड्याची वाट बघत चहा पीत उभे असतात तिथं, मी दशरथच्या हातातून चावी ओढून घेतली. म्हटलं, "मेलेल्या माणसाच्या गाडीत पाणी ओततोस? लाज न्हाय वाटत?"

त्यानं एकदा इकडेतिकडे बघितलं. सगळे बघत होते. मग हातातला ग्लास टपरीवर ठेवला आणि टेमघरच्या दिशेनं चालत गेला.

नवा ड्रायव्हर आला. आठव्या दिवशी त्याचा फोन आला की गाडी कशेळीच्या पुलावर बंद पडलीय, मागं ठाण्यापर्यंत लाइन लागलीय. मी धावत तुमच्या गॅरेजला आले. तुम्ही पान्ह्यांची पेटी उचललीत, स्कूटर काढलीत आणि म्हणालात, "बस मागं." गावातल्या सुनेनं मिस्त्रीच्या स्कूटरवर बसावं की नाही, ह्याचा विचार करायलासुद्धा तुम्ही वेळ दिला नाहीत. पेटी माझ्या मांडीवर आणि सगळा भिवंडी रस्ता आपल्याकडे बघतोय.

पुलावर शिव्यांचा पाऊस चालला होता. हॉर्न, हवालदाराची शिट्टी, खाली खाडीचा वास. तुम्ही एकालाही उत्तर दिलं नाहीत. बोनेट उघडलंत, फिल्टरच्या भांड्याचा मधला बोल्ट सोडवलात, भांडं दोन्ही हातांनी सांभाळून खाली घेतलंत. दरवेळी त्यातलं डिझेल रस्त्याच्या कडेला ओतून द्यायचात, त्या दिवशी ओतलं नाहीत. नव्या ड्रायव्हरकडून काचेची रिकामी बाटली मागून घेतलीत, त्यात ते ओतलंत, बूच लावलंत आणि माझ्या हातात दिलीत.

"धर. हलवू नको."

मी पुलावर, भर उन्हात, बाटली धरून उभी. तुम्ही भांडं पुसलंत, नवा फिल्टर घातलात, हवा सोडायचा स्क्रू सैल केलात आणि हातपंप मारायला लागलात. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सरळ धार. तेवढ्या वेळात माझ्या हातातल्या बाटलीत काहीतरी होत होतं. ढवळलेलं डिझेल हळूहळू वर चढत होतं आणि तळाशी दोन बोटं गढूळ पाणी बसत होतं. त्याच्याही खाली गंजाचा तांबडा गाळ.

गाडी चालू झाली. तुम्ही हात पुसत माझ्याकडे आलात.

"वरती डिझेल, खाली पानी. दिसतंय?"

"हो."

"हा ड्रायव्हर कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

"मग हे पन दशरथनंच ओतलं?"

तुम्ही आवाज खाली आणलात. ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये म्हणून, आता कळतं. "बाय, डिझेल कुठलं ते आता खरं सांग."

मी सांगितलं.

चाचा, त्या क्षणी तुम्ही मला काय वाटेल ते बोलला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. तुमचा वेळ वाया गेला होता, तुमच्या कामाचं नाव खराब झालं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "चल, ड्रम बघू."

घरी दीर ओट्यावरच होते. आपल्याला पडवीकडे जाताना बघून उठले. "मिस्त्री, तुम्ही गाडीचं बघा. घरातलं आमी बघू."

"गाडीचंच बघतोय दादा," तुम्ही म्हणालात. "उन्हातून आलो. जरा चहाचं सांगता का आत?"

ते आत गेले. मला त्यांच्यासमोर खाली बघायला लागू नये म्हणून तुम्ही तो चहा मागितलात. तुम्ही चहा पीत नव्हता, सुपारी खायचात. हे नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं आणि मी भांडी घासता घासता थांबले.

ड्रम उभा होता, पत्र्याच्या गळक्या कडेखाली. वरच्या पत्र्यावर पावसाचं पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात बूच बुडालेलं. बूच मीच लावलेलं होतं, हातानं, पान्हा न लावता. तुम्ही रबरी नळी तळापर्यंत सोडलीत आणि पहिला घोट बादलीत काढलात. डिझेल नव्हतंच ते. पाणी होतं.

"दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून भाईर जाते," तुम्ही समजावलंत. "पाऊस पडला, गार झाला, का तो परत हवा ओढतो. वर पानी साचलेलं असलं का बुचातून पानीच ओढतो. ह्यात कुनी चोर न्हाय."

मग नळी गुंडाळत म्हणालात, "आता दशरथकडं जायला लागंल."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल."

"मी येतो. पन भाईर उभा राहीन. बोलायचं तुझं तू."

आणि तुम्ही खरंच बाहेर उभे राहिलात. टेमघरला, दशरथच्या चाळीच्या तोंडाशी, स्कूटरला टेकून. आत त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि भिंतीकडे बघत बसली. मी सगळं सांगितलं. ड्रम, बूच, बाटली. हात जोडले. दशरथनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, चावी तुम्ही सगळ्यांसमोर घेतलीत. माफी घरात मागताय."

बाहेर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, काय म्हणाला. मी सांगितलं. तुम्ही स्कूटरला किक मारलीत. "बरोबर बोलला तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी नाक्यावर गेले. दशरथ तुमच्या निरोपावरून आला होता, लांब उभा होता. मी टपरीसमोर उभी राहून मोठ्यानं बोलले. आयुष्यात मी तेवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले असेन. "दशरथनं डिझेल चोरलं न्हाय. पाणी माझ्या ड्रमातलं होतं. मी त्याला चोर म्हटलं ते खोटं होतं." ग्लास खाली ठेवल्याचे आवाज आले. दीर गर्दीतून निघून गेले. ते पुढं वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

मी चावी पुढं केली. दशरथनं ती घेतली, गाडीत चढला, चालू केली. खाडीपुलापर्यंत गेला, वळवून परत आणली, होती तिथंच लावली. खाली उतरून चावी माझ्या हातात ठेवली.

"तेव्हा तुम्ही घेतली होती. आज मी देतोय," म्हणाला. "मी कशेळीला गोदामाच्या गाडीवर लागलोय. नमस्कार, वहिनी."

मला वाटलं होतं तो परत येईल. तुम्हालाही वाटलं असणार, कारण तुमचाही चेहरा उतरला. पण तुम्ही त्याला थांबवलं नाहीत आणि माझी खोटी समजूतही काढली नाहीत. म्हणालात, "चल बाय. ड्रम रिकामा करायचाय."

त्या दिवशी ड्रम रिकामा करताना तुम्ही मला दुसऱ्या दिवशीचं बोलावणं केलंत. "जुनी साडी नेसून ये. फिल्टर तू बदलायचा. लोक काय बोलतात त्याच्यावर तुझी गाडी चालनार असंल तर कितीदा बंद पडंल?"

मला आठवतं, तुम्ही मला काहीही करून दाखवलं नाहीत. स्टुलावर बसून तोंडानं सांगत होता. टाकीचा कॉक बंद कर. भांड्याखाली पातेलं धर. बोल्ट सोड, पण शेवटचे आटे हातानं, नाहीतर भांडं पायावर पडेल. जुना फिल्टर काढ, भांडं डिझेलनंच धू, पाण्यानं नाही, कपड्याचे धागे आत राहू देऊ नकोस. नवी रबर लाव. सगळं केलं. हातपंप मारून मारून अंगठा सुजला, पण फेस काही थांबेना. धार लागेचना. अर्धा तास, पाऊण तास. तुम्ही सुपारी कातरत बसला होता.

शेवटी मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "चाचा, काय चुकलंय?"

"मला काय ठाव? तू केलंयस."

मी सगळं परत खोललं. जुनी रबर वर खाचेतच चिकटून बसली होती आणि मी तिच्यावरच नवी चढवली होती. दोघींच्या मधून हवा आत जात होती. मी ती जुनी रबर नखानं काढून तुमच्यासमोर धरली. तुम्ही हसलात. तुमचा तो पुढचा तुटका दात मी पहिल्यांदा बघितला.

"मला आधीच दिसली होती," तुम्ही म्हणालात.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ती माझी रबर झाली असती."

आपलं एकच भांडण झालं, आणि ते राहूनच गेलं. नवा फिल्टर बसवायच्या आधी तुम्ही त्याच्या मधल्या भोकात वरून डिझेल ओतायचात, म्हणजे पंप कमी मारायला लागतो. मी एकदा खोक्यातला कागद वाचला. डिझेल बाहेरून आत गाळलं जातं, मधल्या भोकात येतं ते गाळून झालेलं असतं, असं त्यात होतं. मी म्हटलं, "चाचा, मग तुम्ही कॅनमधलं न गाळलेलं डिझेल थेट गाळलेल्या जागेत ओतता. त्यातला कचरा सरळ पंपात जाणार."

"माझं कॅन साफ असतं."

"माझा ड्रमपण मला साफच वाटत होता."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी जीभ चावली. मग तुम्ही चाळीस वर्षांचा अनुभव काढलात, मी कागद काढला, तुम्ही कागद लिहिणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्यात. पाच वर्षं हा वाद चालला. तुम्ही ओतत राहिलात, मी कोरडाच बसवून पंप मारत राहिले. चाचा, ह्यात बरोबर मीच आहे. पण मागच्या महिन्यात तुम्ही म्हणालात, "तुझी गाडी तुझ्या कागदानं चालव," ते तुम्ही माझं ऐकलंत म्हणून म्हणालात की कंटाळून, हे मला विचारायचं होतं.

आणि एक सांगायचं राहिलंय. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दशरथच्या आधी माझा संशय तुमच्यावर गेला होता. दुसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही नकली फिल्टर बसवता असं माझ्या मनात आलं. ते कुणी घातलं नव्हतं, माझं मलाच सुचलं. तुम्ही बसवलेला फिल्टर मी, दशरथला खरं कारण न सांगता, कल्याणला एका दुसऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेऊन खोलून बघायला लावला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "माल असली आहे. आणि बसवलाय त्याचा हात चांगला आहे. मी हात लावून बिघडवत नाही." मी तोंड लपवून परत आले. त्यानंतर तुम्ही मला बाय म्हणून हाक मारलीत की दरवेळी आत काहीतरी टोचायचं. बोल्टवरची खूण ओळखणारे तुम्ही. दुसऱ्याचा पान्हा लागलाय हे तुम्हाला कळलं नसेल? कळलंच असेल. तरीही मला मागं बसवून कशेळीला घेऊन गेलात.

मला माणसं ओळखता येत नव्हती, चाचा. आता येतात असंही म्हणत नाही. पण कुणाबद्दल काही कानावर आलं की आधी मी ते बाटलीत ओतते आणि हलवायचं थांबते. एवढं तुम्ही दिलंत. माझ्या बापानं दिलं नाही, नवऱ्याला द्यायला सवड मिळाली नाही.

कळलं त्याच दिवशी तुम्हाला नेलं तेव्हा मी तुमच्या घरी चाचींजवळ बसले होते. दारातून फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या. खांदा द्यायला एवढे ड्रायव्हर, क्लीनर, लूमवाले, की गल्ली पुरेना. चाचींनी माझा हात धरून ठेवला होता, माझ्या नखांतलं काळं बघत होत्या. म्हणाल्या, "तेरे हाथ भी उनके जैसे हो गये."

माणसं परतली तेव्हा दशरथ दारात आला. केस पिकलेत. टोपी म्हणून रुमाल बांधलेला, हाताला माती. पाच वर्षांत आम्ही रस्त्यात समोरासमोर आलो तर तो मान हलवायचा, बस. त्यानं चाचींना सलाम केला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"वहिनी, गाडीवर आता कोन हाय?"

मी ड्रायव्हरचं नाव सांगितलं.

"त्याला बोला, चढाला गाडी दाबून नेऊ नको, लवकर तिसऱ्या गिअरात टाक. टेमघरवरून जाते तेव्हा मना घरात ऐकायला येते. पोट दुखल्यासारखी बोलते."

चाचा, तो पाच वर्षं आमच्या गाडीचा आवाज ऐकत होता.

मी म्हटलं, "मी सांगून त्याला कळणार न्हाय, दशरथ. तू ये. तूच बसून दाखव त्याला."

तो हातावरची माती झटकत राहिला. चाचींनी आतून पाणी पाठवलं, ते तो उभ्यानंच प्यायला आणि भांडं खाली ठेवलं.

"रविवारी सुट्टी असते मना," तो म्हणाला. "सकाळी येतो."

उद्या रविवार आहे.